एका पायाचं वर्णन

माझं पाणी समुद्रात परत गेल्याशिवाय दाजी कुबल लाँचचं इंजिन चालू करत नाही.

"बाईनू, तुमचा पाणी घराक पोचला काय?" सुकाणूपाशी उभा राहून तो विचारतो. मी मान हलवली की इंजिन खोकतं आणि आम्ही पुढे निघतो.

थट्टा आहे, पण जुनी आणि मायेची. आमचं गाव सांगलीजवळ, कृष्णाकाठी. परकर नेसायच्या वयात आईनं मला शिकवलं ते असं: विहिरीचं पाणी दुहेरी कपड्यातून गाळायचं, आणि कपड्यावर जे जीव राहतील ते त्याच विहिरीत परत सोडायचे. वरून ओतायचे नाहीत. बादली पाण्याला टेकवायची, कपडा उलटा धरायचा आणि गाळलेल्या पाण्याची बारीक धार सोडायची. आम्हा जैनांच्या घरी त्याला जिवाणी म्हणतात. एका विहिरीची जिवाणी दुसऱ्या विहिरीत चालत नाही. ज्याचं घर त्याला. पुढे मी समुद्रातले प्राणी अभ्यासायला लागले तेव्हा विहिरीच्या जागी आंग्रिया आलं, एवढाच फरक.

आंग्रिया म्हणजे विजयदुर्गच्या पश्चिमेला, किनारा दिसेनासा झाल्यावरही बराच वेळ गेलं की पाण्याखाली लागणारं प्रवाळांचं पठार. पाणबुडे तिथून हायड्रॉइडच्या फांद्या वर आणतात. दिसायला झुडूप, पण असतो तो प्राणीच. मी त्या बादलीत धुते, धुवण गाळते, कपड्यावर काय आलं ते भिंगातून बघते आणि सगळं जागच्या जागी सोडते. कार्तिकातल्या त्या सकाळी कपड्यावर वाळक्या गवताच्या काड्यांची एक गाठ पडली होती. कचरा समजून मी कपडा उलटा करणार, तेवढ्यात एका काडीनं दुसरी काडी उचलून बाजूला ठेवली.

"थांब, दाजी."

"कायता गावला?"

"समुद्रकोळी."

"कोळी मुंबयच्या बाजूक. हय मासे मारतलो तो आमी गाबीत," दाजी म्हणाला, पण सुकाणू सोडून वाकलाच. "ह्येचा आंग खंय आसा? नुसते पायच दिसतत."

त्याचं चुकलं नव्हतं. समुद्रकोळ्याला अंग असं जवळजवळ नसतंच. आठ लांब पाय जिथे एकत्र बांधलेत ती गाठ म्हणजे त्याचं धड. त्या गाठीत काही मावत नाही, म्हणून त्याची आतडी पायांमध्ये उतरलेली असतात. बीजही पायांतच. श्वासाला वेगळं इंद्रिय नाही, पायांच्या कातडीतूनच प्राणवायू आत झिरपतो. मी हे सांगितल्यावर दाजीनं टोपी मागे सारली.

"पॉट पायात? म्हणजे चलता चलताच जेवता म्हणा."

मी हसले, आणि हसता हसता मला ती माळ दिसली. समुद्रकोळ्यांत अंडी आई देते आणि बाप सांभाळतो. त्यासाठी बापाला पुढे दोन छोटे जादा पाय असतात. त्यांत तो अंड्यांचे गोळे धरून फिरतो. ह्यानं गोळे केले नव्हते. एकेक अंडं ओवून केलेली माळ त्यानं त्या दोन पायांत धरली होती, जपाला बसलेल्या माणसानं धरावी तशी. आठांतला एक पाय आखूड आणि कोवळा होता, तेही मी पाहिलं, पण मला त्याचा अर्थ लागला नाही. जगभरच्या समुद्रकोळ्यांची वर्णनं मला पाठ आहेत. माळ एकाही वर्णनात नव्हती.

बाकीचं सगळं परत गेलं. तो बाप आणि तो बसला होता ती फांदी, एवढंच मी काचेच्या भांड्यात ठेवलं. "तुला इथेच आणून सोडीन," असं मनात नव्हे, तोंडानं म्हटलं. दाजी साक्षीला होता.

---

मी कधीच कुठल्या नव्या जातीचं वर्णन केलेलं नव्हतं. सबंध नोकरीत एकदाही नाही. त्याचं कारण सरळ आहे. नव्या जातीला नाव द्यायचं तर तिचा एक नमुना कायमचा जपून ठेवावा लागतो. त्याला आदर्श नमुना म्हणतात. उद्या कुणाला शंका आली तर त्यानं तो नमुना काढून पडताळून बघायचा. आणि नमुना म्हणजे मेलेला प्राणी. आमच्या वेळी कॉलेजात बेडूक फाडणं बंद झालं होतं म्हणून मला प्राणिशास्त्र घेता आलं. नोकरी लागली त्या वर्षी मी अणुव्रतं घेतली. जीव मारायचा नाही. दुसऱ्यांनी आणलेले, बाटलीतले प्राणी मी ओळखून दिले, त्यांची ठिपक्या-ठिपक्यांनी चित्रं काढून दिली. निबंधांच्या शेवटी आभार असतात, त्यांत माझं नाव असतं.

आणि आता तर उलगड आलं होतं. या यंत्रानं आमचा सगळा धंदाच पालटला. प्राणी त्यात ठेवला की क्षणात गोठतो. मग प्रकाशाचं पातं त्याचे केसाहून कितीतरी पातळ थर काढत जातं. प्रत्येक थराची प्रतिमा घेतली जाते, त्यातली जनुकं वाचली जातात, आणि संध्याकाळपर्यंत पडद्यावर तो प्राणी आतून-बाहेरून पुन्हा उभा राहतो. वर्णन यंत्रच लिहितं. माणसानं वाचून सही करायची. मागे उरते कुपीभर भुकटी, आणि तीच आदर्श नमुना म्हणून मान्य झाली होती. पूर्वी ज्याला माणसाचं अर्धं आयुष्य लागे ते एका दिवसावर आलं. नव्या जातींचा पूर आला. फक्त त्यांतल्या बहुतेक जाती चालतात कशा, खातात काय, पिल्लं कशी वाढवतात, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. त्यांच्याबद्दल आपल्याला एकच प्रसंग तपशिलानं ठाऊक होता: त्यांचं मरण.

विजयदुर्गच्या खाडीकाठी असलेल्या आमच्या प्रयोगशाळेत हे यंत्र चालवते ती चेलना. माझी मुलगी. मी त्या खोलीत कधी पाऊल टाकलं नव्हतं, आणि तिनं कधी त्याचं कारण विचारलं नव्हतं.

"आई, नवं आहे हे!" सूक्ष्मदर्शकावरून डोळा न काढता ती म्हणाली. "माळच आहे गं खरंच."

"मलाही तसं वाटतं."

"वाटतं काय? तू म्हणालीस म्हणजे झालं. उद्या सकाळी उलगडमध्ये घालते, संध्याकाळी वर्णन हातात. राजमती आवटी, पहिलं नाव."

"अष्टाह्निक पर्व चालू आहे, बाळ."

"मग पर्व संपल्यावर घालू."

"पर्व संपलं की माझं व्रत संपतं होय?"

तिनं सूक्ष्मदर्शकावरून डोळा काढला. "तू नको मारू. मी मारते. तू देवळात जाऊन ये, तोवर झालेलं असेल." मी काही बोलायच्या आत तिनंच पाठशाळेतल्या सुरात म्हटलं, "कृत, कारित, अनुमोदन. आपण करणं, दुसऱ्याकडून करवणं, केलेल्याला बरं म्हणणं, तिन्ही सारखंच. ठाऊक आहे. तूच घोकून घेतलंयस माझ्याकडून."

"विसरली नाहीस की."

"आई, चेष्टा नाही. त्या दक्षिणेच्या संस्थेचं जहाज आंग्रियावर उभं आहे. त्यांच्याकडे दोन उलगड आहेत. पहिलं छापलेलं नाव टिकतं, दुसऱ्याला कुणी विचारत नाही. तुझा हा बाप त्यांच्याही जाळीत येणार. मरायचा तो मरणारच. फक्त नाव दुसऱ्याचं लागेल."

"त्यांच्या जाळीतला मरेल. हा नाही."

"आणि ह्याला खायला काय घालणार? हायड्रॉइड खातो तो, जिवंत. ते कसं चालतं तुला?"

"तो आपलं ताट घेऊन आलाय. मी वाढलं नाही, आणि पुढ्यातून ओढूनही घेणार नाही."

ती उठली. दारापाशी थांबली. तिचा आवाज खाली आला. "तुला इथे मागून काय म्हणतात, माहितीय? आभारबाई."

"माहिती आहे."

"मला नाही आवडत ते," ती म्हणाली, आणि ओढणीचं टोक उगाच दुमडत राहिली. मग म्हणाली, "अंडी फुटेपर्यंत थांबते. त्यापुढे नाही. यंत्र माझ्या ताब्यात आहे, आणि भांडं प्रयोगशाळेचं."

---

पर्व संपलं. रोज देवळातून आले की मी भांड्यातलं अर्धं पाणी काढी, गाळी, आणि खाडीवरून आणलेलं ताजं पाणी गाळून भरी. तो फांदीवर बसलेला असे. एखादा पाय उचले, विचार केल्यासारखा थांबे, ठेवी. त्याच्या हातात माळ आणि माझ्या हातात माळ. सकाळचा जप मी तिथेच करू लागले. चेलना रोज सकाळी नव्या नावांची यादी उघडून बघायची आणि दारातूनच सांगायची, "अजून नाही आलं." यात तिला आनंद होता की धास्ती, ते तिच्या तोंडावरून कळत नसे.

मग एके दिवशी, सूर्यास्तापूर्वी जेवायला बसायच्या आधी, मी भांड्यात डोकावले. तो बाप फांदीच्या एका टोकाला होता, सात पायांवर. आठवा पाय दुसऱ्या टोकाला एकटाच फांदीला नखी रोवून उभा होता.

सकाळी पाणी काढताना गाळायचा कपडा भांड्यात लोंबून फांदीत अडकला होता. मी तो ओढला होता. हळूच, पण ओढला होता.

जेवले नाही. दुसऱ्या दिवशी उपवास घेतला, पाणीसुद्धा नाही. चेलनानं डबा उघडून माझ्यापुढे सरकवला, मी मागे सारला.

"आज काय आहे? चतुर्दशी तर नाही."

"माझ्या हातून त्याचा पाय तुटला."

ती डबा तसाच टाकून सूक्ष्मदर्शकाकडे गेली. भांडं खाली सरकवलं, चाक फिरवलं. मग एकदम म्हणाली, "आई, हा तुटलेला नाही."

"मी पाहिलंय, चेलना."

"तू बापाकडे पाहिलंस. पायाकडे बघ. आयुष्यभर मी तुटलेल्या पायांच्या कडा बघतेय, त्या फाटलेल्या असतात. ही कड बघ. बटव्याचं तोंड दोरी ओढून बंद करावं तशी मिटलीय. त्यानं आपण होऊन सोडलाय हा." तिनं चाक आणखी थोडं फिरवलं. "आणि माळ रिकामी आहे. पिल्लं पायावर आहेत. सगळी पायावर आहेत, आई."

मी डोळा लावला. त्या उभ्या पायाच्या जाड भागावर टाचणीच्या टोकाएवढी पिल्लं ओळीनं बसली होती. प्रत्येकानं आपली इवलीशी सोंड पायात खुपसली होती. पायात काय असतं? पोट. बापानं जे खाल्लं होतं, पचवलं होतं, ते सगळं त्या पायात होतं. तो पाय त्यानं पिल्लांसकट फांदीवर रोवला होता आणि स्वतः बाजूला झाला होता. वाढलेल्या ताटावरून आईनं उठावं तसा.

"तो आखूड पाय," मी म्हणाले.

"मागच्या विणीचा," चेलना म्हणाली. "नव्यानं उगवतोय. दर विणीला एक पाय देतो हा."

आम्ही दोघी आळीपाळीनं बघत राहिलो. जातींची किती वर्णनं तिच्या सहीनं गेली होती, पण चेलनानं यापूर्वी एकही समुद्रकोळी जिवंत, काही करताना, पाहिलेला नव्हता. मध्येच ती लहानपणी म्हणायची तसं म्हणाली, "सरक की गं, माझी पाळी."

आणि डोळा तिथेच ठेवून म्हणाली, "तुझा उपवास फुकट गेला की."

"उपवास फुकट जात नाही."

मग ती अचानक उठली आणि यंत्राच्या खोलीकडे गेली. परत येईना. मी दारापर्यंत गेले, क्षणभर थांबले, आणि आत पाऊल टाकलं. पहिल्यांदाच. खोली थंड होती आणि अगदी स्वच्छ. चेलना पडद्यासमोर उभी होती. पडद्यावर लहान लहान धूसर प्रतिमा होत्या, काड्यांच्या गाठींसारख्या.

"प्राणी आत घेण्याआधी यंत्र त्याची एक झलक टिपतं," ती माझ्याकडे न वळता म्हणाली. "नमुना धड असेल तर घ्यायचा. पाय असमान दिसले की खंडित म्हणून बाजूला, सांडपाण्यात. हे मीच शिकवलंय त्याला. हे सगळे आंग्रियाचेच. बघ, एकेक पाय आखूड. ही जात आमच्याकडे किती वर्षं येतेय, आई, आणि मी तिला खंडित म्हणून टाकतेय. ज्यांनी पाय दिला ते सगळे बापच टाकले मी."

मी तिच्या पाठीवर हात ठेवला.

"त्या जहाजावरच्या उलगडलाही हेच शिकवलेलं आहे," ती थोड्या वेळानं म्हणाली. "माझंच घेतलंय त्यांनी. त्यांना हा कधीच सापडणार नव्हता. शर्यत नव्हतीच गं."

---

पिल्लं पाय पिऊन मोठी झाली आणि फांदीवर पांगली. मागे राहिलं ते पायाचं कवच. काचेसारखं, आठही पेरं शाबूत, टोकाला नखी, नखीवर या जातीचे म्हणून ओळखता येतील असे दोन वाकडे काटे. आतल्या पातळ अस्तरातून जनुकंही मिळाली. त्यासाठी नखाएवढा तुकडाही लागला नाही.

कल्पना चेलनाची. जातींना नावं देण्याच्या नियमांत एक जुनी ओळ होती, उलगड आल्यापासून कुणी न वाचलेली: आदर्श नमुना अख्खा प्राणी असेल किंवा प्राण्याचा कुठलाही भाग. जीवाश्म अभ्यासणाऱ्यांना कधीकधी एक दातच मिळतो, त्यांच्यासाठी होती ती.

मी चित्रं काढली. उभा पाय, नखी, माळ, माळ धरलेला बाप. ठिपके एकेक करून. वर्णन चेलना लिहीत होती आणि मोठ्यानं वाचत होती, मी शब्द बदलायला सांगत होते, आणि आम्ही भांडत होतो. नावावरून सगळ्यात जास्त.

"राजमती ठेवायचं."

"स्वतःचं नाव स्वतःच्या निबंधात? लोक हसतील."

"मग निबंधातून तुझं नाव काढते, माझं एकटीचं ठेवते. मग तर चालेल?"

"चालेल. पुन्हा आभारांत घाल मला."

यावर ती इतकी हसली की बाजूच्या खोलीतले बघायला आले. शेवटी नाव माझ्या मनासारखं झालं. आमच्याकडे गावात मुनी आले की लोक म्हणतात, त्यागी आलेत. ह्या जातीचं नाव त्यागी.

निबंध तपासणाऱ्या मंडळानं पडद्यावर बैठक बोलावली. त्यांतल्या एका गृहस्थांनी चष्मा वर करून विचारलं, "आदर्श नमुना म्हणून तुम्ही फक्त एक पाय देताय?"

मी उत्तर जुळवत होते. चेलनानं माझ्या हाताला हात लावला आणि तीच बोलली. "सर, या प्राण्याचं पोट पायात असतं, बीज पायात असतं, श्वासही पायातूनच. धडात काय असतं ते तुम्हीच सांगा. आणि तुम्ही भुकटी मान्य करता. आम्ही निदान पाय देतोय." तिनं पडद्यावर ती चित्रफीत लावली. उभा पाय, ओळीनं बसलेली पिल्लं, आणि दूर सात पायांवर उभा असलेला बाप. "हे उलगडमध्ये दिसलं नसतं. मी उलगड चालवते, म्हणून सांगते."

चित्रफीत संपली. मग त्या गृहस्थांनी विचारलं, "पुन्हा एकदा लावता?"

निबंध छापून आला तेव्हा वर माझं नाव होतं, खाली चेलनाचं. त्याच महिन्यात तिनं यंत्राची शिकवण बदलली. खंडित दिसलेला प्राणी आता सांडपाण्यात जात नाही. तो आधी भांड्यात जातो, बघण्यासाठी. त्या दुसऱ्या जहाजानंही ती शिकवण मागून नेली.

---

फांदी, पिल्लं आणि बाप, सगळ्यांना घेऊन आम्ही आंग्रियावर गेलो. बापाच्या रिकाम्या जागी कोवळा अंकुर फुटला होता. चेलना पहिल्यांदाच लाँचवर आली होती आणि तिला समुद्र लागला होता. दाजीनं तिला लिंबू दिलं.

"नाव काय ठेवलास मगे ह्येचा?"

"त्यागी."

दाजीनं भांड्यात नीट वाकून पाहिलं. मी त्याला पायाची गोष्ट सांगितली. तो पुन्हा एकदा भांड्यावर वाकला. "बरा नाव हा," म्हणाला. "बापाशीक शोभता."

मी बादली पाण्याला टेकवली. कपडा उलटा धरायला चेलनानं हात पुढे केला. तिनं हे लहानपणी विहिरीवर केलं होतं, मधे कधी नाही, पण हात विसरला नव्हता. बारीक धार सुटली. काड्यांची ती गाठ क्षणभर पाण्याच्या कातडीवर थांबली, मग एकेक पाय उघडत फांदीसकट खाली गेली.

"घराक पोचला," दाजी म्हणाला, आणि मी सांगायची वाट न बघता त्यानं इंजिन चालू केलं.

परतताना चेलनानं छापील निबंध काढला. वाऱ्यात पानं धरवत नव्हती. मळमळत असतानाही तिनं एक ओळ मोठ्यानं वाचली. ज्या ठिकाणी वर्णनांत कायम बाटलीचा आणि भुकटीचा उल्लेख असतो, तिथली. "आदर्श नमुना: एक पाय, प्राण्यानं स्वतः सोडलेला. उरलेला प्राणी: जिवंत, मूळ ठिकाणी परत." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "अशी ओळ याआधी कुणी लिहिलेली नाही, आई. मी शोधून बघितलं."

संध्याकाळी मी रोजच्यासारखी प्रतिक्रमणाला बसले. दिवसभरात हातून झालेलं एकेक आठवून क्षमा मागायची असते. राग, कपट, लोभ, सगळ्यांची नावं घेतली. मान, म्हणजे गर्व, हाही मनाला डागणारा कषायच, त्याचीही क्षमा मागायची असते.

तेवढी त्या दिवशी मागितली नाही. उद्या मागू म्हटलं.